कुर्ती कोणी आटवली?

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या पगारातून २०० रुपये कापले गेले. कारण होतं एक कुर्ती. गर्द निळी, पांढऱ्या छपाईची, घेरदार, रेयॉनची. पहिल्याच धुण्यात ती आटली, घेर एका बाजूला लोंबला आणि काखेपाशी शिवणीलगत कापड फाटलं. "ताई, मी नेहमीसारखीच धुतली हो. मुद्दाम कशाला करीन?" मावशी एवढंच म्हणाल्या. जिन्यात जमलेल्या आम्हा बायकांपैकी एक म्हणाली, रेयॉन म्हणजे प्लास्टिकच, ते टिकायचं नाही. दुसरी म्हणाली, रेयॉन घरी धुवायचंच नसतं, ड्रायक्लीनला टाकायचं. तिसरीने मिठाच्या पाण्याचा उपाय सांगितला. आणि मावशींनी हलगर्जीपणा केला, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

यातलं एकही म्हणणं खरं नाही. त्या दिवशी मी जिन्यात गप्प राहिले याची मला लाज वाटते. जे तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

मावशी "नेहमीसारखीच" म्हणाल्या. आपल्याकडे नेहमीसारखं धुणं म्हणजे काय, ते आठवून पाहा. कपडे रात्री पावडरीत भिजत घालायचे. सकाळी एकेक काढून त्यावर साबणाची वडी फिरवायची, कॉलरला नि काठांना ब्रश मारायचा, दगडावर चार वेळा आपटायचं, खंगाळायचं, मग दोन्ही हातांनी दोराला पीळ द्यावा तसं पिळायचं, झटकायचं आणि दोरीवर टाकायचं. ही पद्धत कोणाच्या आळसातून आलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती सुतावर घडली आणि सुताला ती शोभते, कारण सुती धागा भिजला की अधिक मजबूत होतो. ओल्या कापसाची ताकद कोरड्याच्या मानाने १० ते २० टक्के वाढते. ओलं धोतर आपटलं, पिळलं, तरी ते फाटत नव्हतं याचं कारण हे. पुढे टेरिलीन आलं, पॉलिएस्टर आलं. त्यांना पाण्याने काहीच होत नाही. त्यामुळे आपल्या हातांना कधी निराळं काही शिकावं लागलं नाही.

रेयॉनचं नेमकं उलटं आहे. कोरडं असताना ते चांगलं धट्टंकट्टं असतं, पण भिजलं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. वाळलं की ती परत येते. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की रेयॉनच्या देखभालीचं बाकी सगळं तिच्यातून आपसूक निघतं. कपडा ओला असतो तेवढाच वेळ काय तो नाजूक. उरलेला सगळा काळ तो कुठल्याही कपड्यासारखाच. आणि आपण नेमकं त्याच वेळात त्याला आपटतो, घासतो, पिळतो.

आता प्लास्टिकच्या आरोपाकडे येऊ. रेयॉन लाकडापासून होतं. निलगिरीसारख्या झाडांच्या लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्याच्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, मग मधासारखा घट्ट द्राव तयार होतो. सोऱ्यातून शेव गरम तेलात पडावी तसा तो द्राव अतिबारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडतात. तिथे त्याचा धागा बनतो. म्हणजे शेवटी हाती येतं ते सेल्युलोजच. कापसात जे असतं तेच. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तिघा इंग्रज रसायनज्ञांनी या पद्धतीचं पेटंट १८९२ साली घेतलं. 'रेयॉन' हे नाव १९२४ साली अमेरिकेत ठरलं. तोवर त्याला कृत्रिम रेशीमच म्हणत. आपल्याकडे दुकानात 'आर्ट सिल्क' म्हणतात त्यातला 'आर्ट' हा कलेचा नाही, 'आर्टिफिशियल'चा आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी शिवणीतल्या उरलेल्या कापडाचे दोन धागे काढून जाळून पाहावेत. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. रेयॉन कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास येतो, मऊ राख उरते.

हे कुठल्या दूर देशातलं प्रकरण नाही. मध्य रेल्वेने कल्याणच्या पुढे गेलं की शहाड लागतं. तिथल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून रेयॉनचा धागा निघतो. जवळच मोहन्यात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन होती, ती बंद पडली. मध्य प्रदेशात नागद्याला ग्रासिमने १९५४ पासून आखूड तंतूचं रेयॉन काढायला सुरुवात केली. आपल्या कुर्त्या शिवतात तो मऊ, सुताचा भास देणारा कपडा आखूड तंतूच्याच जातीचा. कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये बसून कोणी रेयॉनला परदेशी प्लास्टिक म्हणतं तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

रेयॉनचं जे वाईट आहे ते मी लपवणार नाही. कार्बन डायसल्फाइड हे विष आहे. ते मज्जातंतूंवर आणि हृदयावर घाला घालतं, आणि त्याची किंमत युरोप-अमेरिकेतल्या रेयॉन कामगारांनी कित्येक दशकं आपल्या शरीराने मोजली. पण म्हणूनच माझं म्हणणं आहे की कामगाराचा जीव धोक्यात घालून बनलेलं कापड चार धुण्यांत पोतेऱ्याला लावू नये. टिकवावं.

सगळ्यात जास्त राग मला ड्रायक्लीनच्या सल्ल्याचा येतो. त्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करते. ड्रायक्लीनमध्ये पाण्याऐवजी द्रावक वापरतात. रेयॉनचा तंतू पाण्याने फुगतो तसा द्रावकाने फुगत नाही, म्हणून कपडा आटत नाही. अस्तर लावलेलं जाकीट, पक्क्या चुण्यांचा घागरा, रेयॉनचं मखमल, घट्ट पिळाच्या धाग्याचं क्रेप हे घरी बुडवू नये, हे मलाही मान्य आहे. पण रोज ऑफिसला घालायची, घामाने भिजणारी कुर्ती? घामातलं मीठ पाण्यात विरघळतं. ज्या द्रावकात तेलकट डाग सहज निघतात, त्यात ते मीठ नीट निघत नाही. शिवाय जगभर ड्रायक्लीनला वापरलं जाणारं पर्क्लोरोइथिलीन हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'माणसात बहुधा कर्करोगकारक' अशा गटात टाकलेलं आहे. आणि पैशाचं काय? पाचशे रुपयांच्या कुर्तीला पाच-सहा वेळा ड्रायक्लीन केलं की कुर्तीएवढे पैसे लॉन्ड्रीत गेले. हा सल्ला देणारी बाई स्वतः तो पाळत नाही. ती कुर्ती घडी करून कपाटात ठेवते आणि वर्षाने कोणाला तरी देऊन टाकते.

परदेशातून बहिणीने पाठवलेल्या टॉपच्या पट्टीवर 'ड्रायक्लीन' असं लिहिलेलं असतं, ते काय उगाच, असंही मला विचारलं जातं. अमेरिकेत कपड्यावर देखभालीची पट्टी लावण्याचा नियम १९७१ साली झाला. त्याप्रमाणे उत्पादकाने एक सुरक्षित पद्धत लिहिली की पुरतं. कपडा पाण्यातही धुता येत असेल, तरी नुसतं 'ड्रायक्लीन' लिहून त्याला मोकळं होता येतं. 'फक्त ड्रायक्लीन' असं लिहायचं असेल तरच पाण्याने नुकसान होतं याला आधार लागतो. पट्टीवरचा एकच शब्द किती फरक पाडतो पाहा.

आणि कृत्रिम रेशीम घरी धुता येत नाही म्हणणाऱ्यांनी इरकलीचा विचार करावा. कर्नाटकातल्या इरकलला विणलेली लुगडी दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या नेसली गेली. त्यात खऱ्या रेशमाच्या जागी 'चमका' घालण्याची चाल आहे, आणि चमका म्हणजे रेयॉनच, फक्त लांब अखंड धाग्याचं. आमच्या आजीच्या दोन इरकली चमक्याच्या होत्या. ड्रायक्लीन हा शब्द तिच्या कानावर कधी गेला नाही. सणवार झाला की ती रिठ्याच्या पाण्यात लुगडं बुडवायची, तळव्यांनी दाबायची, दोन पाण्यांतून काढायची आणि न पिळता पडवीतल्या वलणीवर निथळत ठेवायची. आम्हा मुलींना त्या ओल्या लुगड्याला हात लावायची बंदी होती. रोजचं सुती लुगडं मात्र ती स्वतःच दगडावर आपटून काढायची. तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण कुठल्या कापडाला कसा हात लावायचा, ते ठाऊक होतं. मावशींकडे ते ज्ञान नाही, कारण त्यांना ते कोणी दिलं नाही. मालकिणीलाच ठाऊक नसेल तर ती तरी काय देणार?

'हॅन्ड वॉश' या शब्दाने तर फारच घोटाळा केला आहे. पट्टीवर पाण्याच्या टबात बुडवलेल्या हाताचं चित्र असतं. ज्यांनी ते काढलं त्यांच्या डोळ्यांसमोर कपडा पाण्यात हलकेच हलवणारा हात आहे. आपल्याकडे 'हाताने धुणं' याचा अर्थ ब्रश, दगड आणि पीळ असा होतो. मावशींना कोणी "हातानेच धुवा, मशीनला लावू नका" असं बजावून सांगितलं असेल तर त्यांनी ते शब्दशः पाळलं. आणि खरं सांगायचं तर, रेयॉनला ब्रश-दगडाच्या हातापेक्षा जाळीच्या पिशवीत घालून, नाजूक कपड्यांच्या छोट्या फेरीत, कमी वेगाने फिरवणारं मशीन बरं. मशीन पाणी झटकून बाहेर टाकतं, कापडाला पीळ देत नाही. पिळण्यात सगळा जोर कापडाच्या एकेका वळशावर एकवटतो. ओल्या रेयॉनचा प्राण तिथे जातो. काखेपाशी कुर्ती फाटली ती याच जोराने, कारण तिथे शिवणीच्या टाक्यांची भोकं आधीच पडलेली असतात.

आटण्याचं गणितही वेगळं नाही. पाणी शिरलं की रेयॉनचा तंतू जाड होतो, कापसापेक्षा कितीतरी जास्त. आडवा धागा जाड झाला की त्याला वळसा घालणाऱ्या उभ्या धाग्याला लांब फेरा घ्यावा लागतो. मग कापड आखूड होतं. त्यात मागावर आणि रंगाईच्या कारखान्यात कापड ताणून धरलेलं असतं, तो ताणही पहिल्या पाण्यात सुटतो. पहिल्या धुण्यात सगळ्यात जास्त आटतं ते यामुळे. गरम पाण्याने हे वाढतं, जोरात घुसळल्यानेही वाढतं. पण पाणी लागल्यावर काहीही झालं तरी थोडं आटणारच होतं. मग आटवलं कोणी? मावशींनी, की ज्याने आधी पाण्यातून न काढता, तसंच ताणलेलं कापड कापून शिवलं, त्याने?

आपले शिंपी हे जाणत होते. "कापड पाण्यातून काढून आणा, मग टाका शिवायला," हे वाक्य माझ्या पिढीतल्या प्रत्येकीने ऐकलं आहे. तयार कपडे आले आणि ते वाक्य गेलं. घाऊक बाजारात रेयॉन किलोवर ओळखलं जातं. '१४ किलोचं रेयॉन आहे, हेवी आहे' असं विक्रेता अभिमानाने सांगतो. ते पाण्यातून काढलेलं आहे का, किती आटेल, याबद्दल एक अक्षर नाही. उलट कितीतरी कुर्त्यांवर रेयॉनला 'कॉटन' म्हणून खपवलेलं मी पाहिलं आहे, आणि ते घेणारी बाई कुर्ती कॉटनसारखी धुणार नाही तर काय करणार? कापडाचं खरं नाव आणि ते किती आटेल हा आकडा आतल्या पट्टीवर छापणं हे विक्रेत्याचं कर्तव्य आहे. आपण ते त्याच्याकडे कधी मागतच नाही. आपला राग बिनातक्रार सोसणाऱ्या माणसाच्या पगारातून वसूल होतो.

मिठाबद्दल थोडक्यात सांगते. रंगाईच्या कारखान्यात मीठ वापरतात हे खरं आहे. मिठामुळे पाण्यातला रंग तंतूकडे ढकलला जातो. मग सोडा घालून तो तिथे पक्का बांधतात. घरी तुम्ही मिठात कुर्ती भिजवता तेव्हा बांधणारं कोणी नसतं. मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटल्यासारखा दिसतो, कारण मीठ त्याला पाण्यात उतरू देत नाही. पुढच्या साध्या पाण्यात तो उतरतोच. व्हिनेगरचाही उपयोग नाही. आम्लात बसणारे रंग रेशमाचे नि लोकरीचे, रेयॉनचे नव्हेत. रंग सुटतो म्हणजे कारखान्यात तो नीट धुतला गेलेला नाही. पहिली दोन-तीन धुणी वेगळी करायची, थंड पाण्यात, थोडा वेळ. याहून जादू नाही.

"एवढं जपायचं तर रेयॉन घ्यायचंच कशाला?" हा प्रश्न मात्र मला गांभीर्याने घ्यावासा वाटतो, कारण तो कामाने थकलेल्या बाईचा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की यात जास्तीचं काम नाहीच. उलट काम कमी आहे. रात्रभर भिजवायचं नाही, पाच-दहा मिनिटं पुरतात. ब्रश नाही, वडी नाही, दगड नाही. बादलीभर थंड पाण्यात थोडंसं लिक्विड किंवा रिठ्याचं पाणी, तळव्यांनी दाबणं, साधं पाणी दोनदा. उचलताना एका टोकाने धरून ओढायचं नाही. ओल्या रेयॉनचं वजन फार असतं आणि ते स्वतःच्याच वजनाने ताणलं जातं. निळ्या कुर्तीचा घेर लोंबला तो असाच. लहान मूल न्हाणीघरातून आणावं तसं दोन्ही हातांत घेऊन बाहेर काढायचं. जुन्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळायचं आणि दाबायचं. मग हॅंगरला न लावता किंवा चिमट्याने खांद्यावर न टांगता, दोन दोऱ्यांवर आडवं टाकायचं, सावलीत. जरासं ओलसर असताना उलट्या बाजूने मध्यम इस्त्री, दोन ठिपक्यांवर. त्या वेळी लांबीच्या दिशेने हलक्या हाताने ओढत गेलं तर आटलेलं थोडंफार परतही येतं.

पावसाळ्यात एकच जादा काळजी. रेयॉन हवेतला ओलावाही सुतापेक्षा जास्त धरून ठेवतं. सुती कापड हवेतून जिथे सुमारे ८ टक्के ओल घेतं तिथे रेयॉन १२-१३ टक्के. हाताला वाळलेलं लागलं तरी ते आत दमट असू शकतं, आणि सेल्युलोज म्हटलं की बुरशी आणि कसर दोन्ही आली. म्हणून पंख्याखाली एक रात्र जास्त ठेवून मगच कपाटात ठेवा, आणि त्याला खळ अजिबात करू नका. ब्लीच तर बाटलीतच राहू द्या. कुठल्याही सेल्युलोजला ते पोखरतं, पण रेयॉनच्या रेणूंच्या साखळ्या कापसाच्या मानाने आधीच आखूड असतात.

हीच ओल पिणारी वृत्ती मे महिन्यात आपल्या कामाला येते. दादरच्या फलाटावर दुपारी दोन वाजता पॉलिएस्टरच्या कुर्तीत उभं राहून पाहा आणि दुसऱ्या दिवशी रेयॉनच्या. तितकं मऊ, तितकं अंगाभोवती सळसळत पडणारं सूत घ्यायचं तर चांगलं मलमल घ्यावं लागतं आणि ते रोजच्यासाठी सगळ्यांना परवडत नाही. मधल्या पगाराच्या बाईला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, मावशींच्या स्वतःच्या लेकीलाही परवडणारं हे कापड आहे. त्याला नाजूक, श्रीमंती, ड्रायक्लीनचं ठरवून आपण ते त्यांच्यापासून काढून घेतो.

त्या निळ्या कुर्तीचं पुढे काय झालं, तेही सांगते. मी ती मागून आणली. टाकून द्यायच्या गाठोड्यात गेली होती. पाठीच्या शिवणीवर मोजली तर लांबी साडेएकेचाळीस इंच भरली. पट्टीवर चव्वेचाळीस छापलेलं होतं. काखेला आतून त्याच रंगाचा तुकडा लावून घेतला. थंड पाण्यात बुडवली, टॉवेलमध्ये दाबली, ओलसर असताना ओढत-ओढत इस्त्री केली. आडवी वाळवल्यावर घेर बराच सरळ झाला आणि लांबी पावणेत्रेचाळीसवर आली. पुढच्या धुण्यात यातलं थोडं पुन्हा जाईल, इस्त्रीने पुन्हा येईल. मावशींना घरी बोलावून हे सगळं करून दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि दुसरी कुर्ती स्वतः धुतली, माझ्यापेक्षा हलक्या हाताने. "हे असं असतं हे कोणी सांगितलंच नाही," एवढं म्हणाल्या.

कुर्ती घेऊन मी वर गेले तेव्हा शेजारीण खूश झाली, घालूनही दाखवली. कापलेल्या २०० रुपयांचा विषय मी काढला, तेव्हा ती "बघू" म्हणाली. उद्या एक तारीख आहे. मी पुन्हा जाणार आहे.